‘फर्गिव्ह’मधलं देणं

आपल्या घरात कुणी कुणाला ‘मला क्षमा कर’ असं म्हणतं का हो? मी तरी ऐकलेलं नाही. ‘क्षमा’ हा शब्द आपण देव्हाऱ्यासमोर, निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी आणि आभाराच्या भाषणात नेऊन ठेवला आहे. ‘माफ करा’ एसटीत कुणाच्या पायावर पाय पडला तर. घरात मात्र आपण म्हणतो, ‘जाऊ दे’, ‘सोड आता’, ‘राहू दे गं, मनावर घेऊ नकोस’. आणि हल्ली दूध उतू जाण्यापासून संसार मोडण्यापर्यंत सगळ्याला एकच औषध, ‘सॉरी’!

हा ‘सॉरी’ मोठा गमतीचा. त्याचं मूळ इंग्रजीतल्या ‘सोअर’ या शब्दात आहे. सोअर म्हणजे ठणकणारं, दुखरं. घसा बसला की डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात ना, तेच. म्हणजे हजार वर्षांपूर्वी सॉरी म्हणणारा माणूस ‘मला आतून दुखतंय’ असं सांगत होता. आज ‘सॉरी बोललो ना!’ असं वरच्या पट्टीत ऐकवणाऱ्यांना नेमकं कुठे दुखत असतं, ते त्यांनाच ठाऊक.

पण मला आज सांगायचंय ते सॉरी म्हणणाऱ्याबद्दल नाही, ज्याला सॉरी म्हटलं जातं त्याच्याबद्दल. त्याने काय करायचं? इंग्रजीत त्याला शब्द आहे ‘फर्गिव्ह’.

आमच्या तालुक्याच्या गावी मी दुपारचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. दोन ते चार, कारण बायकांची स्वतःची म्हणता येईल अशी तेवढीच वेळ असते. कुणी पोळ्या आटपून येते, कुणी दुकानात नवऱ्याला बसवून. मुलं इंग्रजी माध्यमात, त्यांच्या डायरीत बाई काय लिहितात ते वाचता यावं एवढी साधी इच्छा असते. या वर्गात शब्द फोडून बघायची मला सवय आहे, आणि बायकांनाही ते आवडतं. मटार सोलल्यासारखं वाटतं म्हणतात. ‘फर्गिव्ह’ फळ्यावर लिहिला तेव्हा लगेच एकीने सोलला : ‘मॅडम, यात गिव्ह आहे. देणं.’

अगदी बरोबर. त्यात ‘गिव्ह’च आहे. पुढचा ‘फॉर’ म्हणजे आपण ‘फॉर मी’, ‘फॉर यू’ म्हणतो तो नव्हे. तो जुना उपसर्ग आहे. आपल्याकडे ‘परि’ किंवा ‘नि’ लागला की क्रियेला जोर येतो, तसा. अर्थ साधारण ‘पुरतं’, ‘पार’, ‘हातावेगळं’. तर फर्गिव्ह म्हणजे पुरतं देऊन टाकणं. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, या शब्दात ‘ग’ नव्हता, तिथे ‘य’सारखा उच्चार होता. नवव्या शतकात समुद्रापलीकडून डेन आणि नॉर्वेजियन लोक इंग्लंडवर चालून आले, लुटून झाल्यावर तिथेच शेती करून राहिले, शेजारी झाले, सोयरे झाले. त्यांच्या बोलीतला कडक ‘ग’ हळूहळू ‘गिव्ह’मध्ये शिरला आणि ‘फर्गिव्ह’मध्येही. ज्यांनी घरं जाळली त्यांच्याच उच्चाराने आज सारं जग हा शब्द उच्चारतं. याला काय म्हणावं!

त्या जुन्या काळी या शब्दाचे अर्थ तरी किती होते. देणं, बक्षीस देणं, परवानगी देणं, हक्क सोडणं, कर्ज सोडणं, अपराध पोटात घालणं. आणि आणखी एक, जो वाचून मी शब्दकोश मिटून जरा वेळ बसून राहिले. मुलगी लग्नात देणं. ‘बेओवुल्फ’ नावाचं इंग्रजीतलं फार जुनं वीरकाव्य आहे, त्याची हजारेक वर्षांपूर्वीची हस्तलिखित प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवली आहे. त्यात एक राजा शत्रूच्या राजाला मारणाऱ्या योद्ध्याला इनाम देतो. जमीन देतो, सोन्याची कडी देतो आणि आपली एकुलती एक मुलगी देतो. ती मुलगी ‘दिली’ हे सांगताना कवीने जे क्रियापद वापरलंय, ते ‘फर्गिव्ह’चंच जुनं रूप आहे!

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, ‘म्हणजे कन्यादानच की.’ दुसरं काय? या कुळातले बाकीचे शब्दही बघा. ‘गिफ्ट’ म्हणजे आपल्याला रंगीत कागदातली वस्तू आठवते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वधूसाठी मोजायचं मोल असा होता, आणि त्याचंच अनेकवचन म्हणजे लग्न. जर्मन भाषेत हुंड्याला ‘मिटगिफ्ट’ म्हणतात आणि नुसत्या ‘गिफ्ट’ला म्हणतात विष. स्वीडिश भाषेत तर ‘गिफ्ट’चे दोन अर्थ आजही सुखाने एकत्र नांदतात, एक विवाहित आणि दुसरा विष. त्यावर वर्गात जो हशा पिकला तो मी इथे लिहू शकत नाही.

आता प्रश्न असा, की ‘देणं’ या क्रियापदातून ‘क्षमा’ कशी निघाली? इ.स. ५९७ मध्ये रोमहून धर्मोपदेशक इंग्लंडच्या केंट भागात आले. त्यांच्या लॅटिनमधली कल्पना तिथल्या बोलीत सांगायची होती. बोलभाषेतल्या लॅटिनमध्ये क्षमेसाठी जो शब्द रूढ होत होता, त्याचेही दोन तुकडे होते. ‘पेर’ म्हणजे पुरतं आणि ‘दोनारे’ म्हणजे देणं. भाषेचे अभ्यासक मानतात की त्याच साच्यात जर्मन कुळातल्या भाषांनी आपापले शब्द बसवले. म्हणून जर्मनमध्येही तसंच, डचमध्येही तसंच. आइसलंडमध्ये आज रस्त्यात धक्का लागला तर जो शब्द तोंडातून येतो, तोही याच घडणीचा.

त्या लॅटिन शब्दाचं फ्रेंच रूप पुढे इंग्लंडात आलं, आणि तेच ‘पार्डन’. त्यातलं ‘दोन’ म्हणजे आपलं ‘दान’! संस्कृत ‘दान’ आणि लॅटिन ‘दोनुम’ एकाच आदिम मुळाची लेकरं. डोनेशन त्यातलंच, हुंड्याला इंग्रजीत म्हणतात तो ‘डाउरी’ही त्याच मुळाचा. आपल्याकडे ‘क्षमादान’ हा शब्द आहेच. दान म्हणजे द्यायचं, परत मागायचं नाही.

पार्डन आणि फर्गिव्ह यांचे रस्ते मात्र वेगळे झाले. इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राजांची सत्ता १०६६ मध्ये आली. राजदरबार, कचेरी, देवळाचा कारभार त्यांच्या भाषेत चालू लागला. म्हणून राजा देतो ते पार्डन. फाशीच्या कैद्याला राष्ट्रपती देतात ते पार्डन. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरने ‘कॅन्टरबरी टेल्स’ लिहिल्या, त्यात तर एक पार्डनर आहे. पापाच्या माफीची पत्रं गावोगाव विकत फिरणारा, झोळीत खोट्या अस्थी घेऊन. ‘फर्गिव्ह’ मात्र घरातच राहिला. भावाभावांत, नवराबायकोत. त्याची पावती मिळत नाही, शिक्का बसत नाही.

मुलांच्या कॉन्व्हेंट शाळेत सकाळी जी प्रार्थना होते, तिच्यात हा शब्द आहे. जगात ‘फर्गिव्ह’ सगळ्यात जास्त वेळा उच्चारला जात असेल तर त्याच प्रार्थनेत. पण काय फर्गिव्ह करायचं यावर इंग्रज मंडळींचं एकमत नाही बरं का. जुन्या इंग्रजीतल्या बायबलात तिथे अपराध या अर्थाचा शब्द होता. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात ‘ट्रेसपासेस’ आला, म्हणजे दुसऱ्याची हद्द ओलांडणं. बंगल्याच्या फाटकावर पाटी असते ना, आत शिराल तर खटला भरू, तोच शब्द. आणि १६११ च्या राजमान्य बायबलात मॅथ्यूच्या त्या ओळीत ‘डेट्स’ आहे. चक्क कर्ज! वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र प्रार्थनेला उभे राहिले की या एका शब्दाशी निम्मे इकडे, निम्मे तिकडे होतात.

मूळ ग्रीकमध्ये ऋण हाच शब्द आहे. त्याच्याजवळचं क्रियापद ‘देणं’ नाही, तर ‘सोडणं, जाऊ देणं’. पाखरू सोडावं, बोटीचा दोर सोडावा, कर्ज सोडावं, तसं. बायको सोडण्यालाही बायबलात एका ठिकाणी तेच क्रियापद येतं. आपल्या पंडिता रमाबाई बायबल मराठीत आणण्यासाठी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, १९२२ साली त्या गेल्या तोवर त्यांचं ते काम चालू होतं. त्या जिद्दीच्या बाईने हे ऋण-सोडणं मुळातून वाचलं असणार, या विचाराने मला उगीच बरं वाटतं.

तर बघा, तुम्ही-आम्ही ‘जाऊ दे’ म्हणतो ते काही अडाणी बोलणं नाही. ते थेट ग्रीक!

आता त्या बाईबद्दल, जिच्यामुळे मी हे एवढं खोदत बसले. आमच्या वर्गातली. पन्नाशीची, शिवणकाम करणारी, फार न बोलणारी. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी वडील गेल्यावर भावाने तिला ‘सोसायटीच्या कर्जाचे कागद आहेत’ म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं, दोन ठिकाणी सही घेतली. येताना साडी घेतली, जेवू घातलं. कागद हक्कसोडपत्राचा होता हे तिला अनेक वर्षांनी, पुतण्याच्या तोंडून सहज बोलताना कळलं. तेव्हापासून तिने माहेरची भाऊबीज बंद केली. आता भावाच्या मुलीचं लग्न निघालं. आत्या नाही तर मांडव शोभणार नाही म्हणून अख्खं गाव तिच्या मागे, ‘मोठ्या मनाने माफ कर’. तास संपल्यावर ती थांबली आणि मला विचारलं, ‘मॅडम, मी फर्गिव्ह केलं, तर तो कागद बरोबर होता असं होतं का?’

या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर आहे, कारण या दोन गोष्टींना तिथे दोन शब्द आहेत. दुसरा शब्द ‘कन्डोन’. त्यातही ‘दान’च आहे. पण कन्डोन म्हणजे झाल्या गोष्टीकडे काणाडोळा करणं, चालवून घेणं. हे क्रियापद इंग्रजीत रुळलं ते १८५७ च्या घटस्फोटाच्या कायद्याच्या आसपास. तो कायदाही कसा, तर बायकोने व्यभिचार केला तर नवऱ्याला तेवढ्यावर घटस्फोट, बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा, सोडून जाणं किंवा असंच आणखी काही सिद्ध करावं लागे. आणि समजा, अपराध माहीत असूनही जोडीदाराला पुन्हा जवळ केलं, तर ‘कन्डोन’ केलं असं धरून तक्रार बाद.

हे आपल्याकडेही आलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमात ही गोष्ट आहे. व्यभिचार किंवा क्रूरतेची तक्रार असेल, तर अर्जदाराने ती आधीच चालवून घेतली होती का, हे कोर्ट बघतं. पुण्याच्या कोर्टातून सुरू झालेला एका जोडप्याचा खटला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यात नवऱ्याची तक्रार होती. बायकोचं वागणं क्रूर होतं हे मान्य करूनही, ‘नंतर तुम्ही एकत्र नांदलात, म्हणजे ते सोडून दिलंत’ असं म्हणून कोर्टाने त्याला कायदेशीर विभक्तता नाकारली. पण त्याच निकालात आणखी एक फार महत्त्वाचं म्हटलंय. अशी क्षमा नेहमी अटीवरची असते. पुन्हा तसं वागलं तर जुना अपराधही जिवंत होतो. ‘एकदा माफ केलंस ना, आता बोलायचं नाही’ असं ज्या बायकांना ऐकवलं जातं, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

दुसरा घोळ विसरण्याचा. ‘फर्गिव्ह अँड फर्गेट’ जोडीने म्हणतात, जणू जुळ्या बहिणीच. पुढचा उपसर्ग दोघींचा एकच, पण ‘गेट’चं मूळ पकडण्यात आहे. फर्गेट म्हणजे हातातून निसटणं. फर्गिव्ह म्हणजे हाताने देणं. एक आपोआप होतं, दुसरं आपण करतो. ज्याला मुद्दाम विसरायला लावायचं असतं त्याला वेगळाच शब्द आहे, ‘अ‍ॅम्नेस्टी’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच विस्मरण, सिनेमातल्या नायकाला होतो तो ‘अ‍ॅम्नेशिया’ त्याची सख्खी बहीण. इसवी सनापूर्वी ४०३ मध्ये अथेन्समध्ये जुलमी राजवट उलथल्यावर नागरिकांनी शपथ घेतली, की जुने अपराध कुणी उगाळायचे नाहीत. अगदी अलीकडे, वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्याने आयोग नेमला, आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष. त्यांनी अ‍ॅम्नेस्टीचा अर्थच उलटा केला. राजकीय कारणासाठी केलेल्या गुन्ह्याला माफी मिळेल, पण आधी केलं ते सगळं, काही न लपवता, सांगा. सॉरी म्हणण्याची सक्ती नव्हती, सांगण्याची होती. आया, बायका, बहिणी समोर बसून ऐकत होत्या. त्यातल्या कुणी क्षमा केली, कुणी साफ नाही म्हणाल्या. दोन्हीला मुभा होती.

मला वाटतं, आपली गडबड आपल्या शब्दातच आहे. ‘क्षमा’ ज्या धातूपासून आली त्याचा अर्थ सोसणं. क्षमा हे पृथ्वीचंही नाव. नांगर चालवा, खणा, ती सोसते. आणि लहानपणापासून आपल्याला कुणासारखं व्हायला सांगतात? धरित्रीसारखं! ‘माफ’ अरबीतून फारसीवाटे आला. त्याच्या मुळात पुसून टाकणं आहे, वाऱ्याने वाळूतल्या पावलांच्या खुणा पुसाव्यात तसं. म्हणजे आपल्याकडे एक तर सोसा, नाही तर पुसा. देणं मात्र यात कुठेच नाही. सोसायला स्वतःच्या मालकीचं काही लागत नाही. द्यायचं असेल तर आधी ते तुमचं असावं लागतं, आणि ते किती आहे हे माहीत असावं लागतं. सावकाराला कर्ज सोडायचं असलं तरी वही उघडून आकडा वाचावाच लागतो. २००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली, तेव्हाही बँकांना आधी खातेदारांच्या याद्या करून बाहेर फळ्यावर लावाव्या लागल्याच.

इंग्रजी पेपरात कर्जमाफीला ‘वेव्हर’ म्हणतात, त्याची एक गंमत राहिलीच. गंमत कसली! मध्ययुगीन इंग्लंडात गुन्हेगार पुरुष फरार झाला की त्याला ‘आउटलॉ’, कायद्याबाहेरचा ठरवत. बाईला तसं म्हणता येत नसे, कारण ती मुळात कायद्याच्या शपथेतच धरलेली नव्हती. जी आतच नाही तिला बाहेर कशी काढणार? म्हणून तिच्यासाठी निराळा शब्द, ‘वेव्ह’ केलेली, म्हणजे सोडून दिलेली. बेवारशी मालाला होता तोच.

आपल्याकडे कायद्याने बाईला आत घेतलं ते टप्प्याटप्प्याने. महाराष्ट्रात १९९४ ची सुधारणा, मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क जन्मानेच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्क आला आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रांची संख्याही कशी वाढली असेल, हे कुठल्याही तालुक्याच्या निबंधक कचेरीबाहेर तासभर उभं राहिलं तर कळतं. राखीच्या सुमारास तर विशेष. मनापासून, समजून-उमजून भावाला देणाऱ्या बहिणीही असतात, आणि ते खरं दानच. फसवून सही घेतली असेल तर, ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो, हे मात्र वकिलाला वेळेवर विचारून घ्यावं. आमच्या वर्गातल्या बाईंची मुदत केव्हाच उलटून गेली.

मी तिला काय सांगणार? मी इंग्रजीची बाई. मी एवढंच सांगितलं, की फर्गिव्ह केलं म्हणजे कागद बरोबर ठरत नाही. उलट, तो चूक होता म्हणूनच हा शब्द लागतो. बरोबर गोष्टीला कुणी फर्गिव्ह करत नाही. आणि हा शब्द धनको वापरतो, ऋणको नव्हे. गावाला तो तुझ्या वतीने वापरता येत नाही.

तिने ते वहीत लिहून घेतलं, मराठीत. नंतर दोन आठवडे वर्गाला आली नाही.

आली ती लाडूचा डबा घेऊन, लग्नाचे. म्हणजे गेली होती. मधल्या वेळात तिने मुलाला कचेरीत पाठवून त्या दस्ताची नक्कल काढून आणली होती, पहिल्यांदाच वाचली होती. हळदीच्या आदल्या रात्री भाऊ-वहिनी दोघांना बसवून तिने गट नंबर सांगितला, क्षेत्र सांगितलं, माझा हिस्सा इतका होता म्हणाली. भाऊ खाली मान घालून बसला. वहिनी रडली. मग तिने आहेराचं पातळ पिशवीतून काढलं.

‘मग माफ केलंस?’ वर्गातल्या एकीने न राहवून विचारलं.

‘अजून नाही,’ ती म्हणाली. ‘सव्वा एकर आहे. एकदम कसं देता येईल?’